घड्याळ कुणी थांबवलं?

आत्या साताऱ्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं पीटीची बाई होती. पण तिचं नाव झालं ते स्टॉपवॉचमुळे. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या धावण्याच्या स्पर्धा असल्या की शाहू स्टेडियमवर फितीशेजारी तिची जागा ठरलेली. पहिल्या नंबराला तीन घड्याळं लावायची, आणि तिन्ही वेगळी निघाली तर मधलं धरायचं, असा नियम आहे. “माझं घड्याळ बहुतेक वेळा मधलंच निघायचं,” हे ती अजून सांगते, आणि सांगताना तिचा अंगठा आपोआप वाकतो.

मी तिचा भाचा. पुण्यात दिवसभर संगणकावर नोकरी करतो आणि घरी येऊन पुन्हा संगणकावरच बसतो, एवढीच तिच्या लेखी माझी ओळख. घरी बसून मी बघतो काय, हे तिने गेल्या श्रावणात पहिल्यांदा पाहिलं. बाहेर पाऊस, लाइट जाऊन-येऊन, आणि जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप. त्यावर ‘मारिओ कार्ट ६४’ हा निन्टेन्डोचा १९९६ सालचा खेळ लागलेला: बसक्या छोट्या गाड्या, तीन फेऱ्यांची शर्यत, वाटेत केळ्याच्या साली. उकडलेल्या शेंगांची पाटी घेऊन ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. पुढचं बोलणं झालं तसं देतो. शेंगा सोलण्याचे विराम तेवढे गाळले आहेत.

आत्या : ही गाडी पुलापर्यंत जाऊन परत का फिरली? वाट चुकली का?

मी : चुकली नाही. तिची शर्यत संपत आली.

आत्या : आत्ता तर सुटली!

मी : हा बर्फाचा ट्रॅक आहे. तीन फेऱ्या सरळ मारल्या तर दोन मिनिटांच्या आसपास लागतात. ही अर्ध्या मिनिटाच्या आत संपवेल. खेळाला रस्ता दिसत नाही, आत्या. रस्त्याच्या कडेने खुंटे मारलेत असं समज, तुला-मला न दिसणारे. गाडी कुठल्या खुंट्याजवळ आहे एवढंच तो बघतो आणि त्यावरून फेरी झाली की नाही ते ठरवतो. नेमक्या जागी पुढे-मागे केलं, रेषा ओलांडली, की तो फेरी मांडतो.

आत्या : म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला पंच झोपलाय.

मी : झोपला नाही गं. त्याला जेवढं सांगितलंय तेवढंच तो इमानाने करतोय.

आत्या : तसलेही पंच पाहिलेत. ते झोपलेल्यांपेक्षा वाईट. बरं, चालवतोय कोण?

मी : माणसानेच चालवलीय, पण सलग नाही. संगणकाला जुन्या गेम-मशीनचं सोंग घ्यायला लावतात, त्याला एम्युलेटर म्हणतात. मग एका सेकंदाचे साठ तुकडे. दर तुकड्याला खेळ थांबवायचा, आता कुठलं बटण दाबायचं ते ठरवायचं आणि एक तुकडा पुढे सरकायचं. चुकलं की मागे साठवून ठेवलेला क्षण काढायचा आणि तिथून पुन्हा. शेवटी हातात उरते बटणांची यादी. चित्र नाही, आवाज नाही, नुसती यादी. ती खेळाला परत दिली की सगळं हुबेहूब तसंच घडतं. टूल-असिस्टेड स्पीडरन म्हणतात याला. आम्ही नुसतं ‘टास’ म्हणतो.

आत्या : एक पाऊल टाकलं, बघितलं, पटलं नाही, मागे घेतलं.

मी : हो. आणि असं किती वेळा केलं तो आकडा फिल्मबरोबर छापतात. रीरेकॉर्ड म्हणतात त्याला. हजारांत असतो.

आत्या : फाउल मोजून वर छापायचे, ही पद्धत बरी आहे. आमच्याकडे तीन फाउल झाले की लांब उडीवाला पोरगा घरी जातो.

मी : तुला ही लबाडी वाटते ना?

आत्या : लबाडी कशी? कसं केलं ते तू आधीच सांगितलंस. मला हे कंटाळवाणं वाटतंय. शर्यतीत पुढे काय होणार ते पळणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून माणसं कुंपणाला लटकून बघतात. इथे निकाल आधी लावलाय आणि मग पोरं पळवलीत.

खरं सांगायचं तर तिने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. टास करणाऱ्यांचं हे जुनंच दुखणं आहे. २००३ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा खेळ अकरा मिनिटांत संपवणारी एक जपानी फिल्म जगभर फिरली. मोरिमोतो नावाने खेळणाऱ्या माणसाने ती केली होती. पुष्कळांना वाटलं, कोणी अचाट हाताचा खेळाडू आहे. ती तुकड्यातुकड्याने बांधलेली आहे हे कळल्यावर फसवलं गेल्याची ओरड झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका फिनलंडच्या प्रोग्रॅमरने अशा फिल्मींचा संग्रह सुरू केला. आज तो ‘टासव्हिडिओज’ म्हणून ओळखला जातो. तिथे सगळं उघड आहे: ही यंत्राच्या मदतीने केलेली गोष्ट आहे, माणसाच्या विक्रमाशी तिची गाठ घालू नका. म्हणजे लबाडीचा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच मिटला. मिटला नाही तो आत्याचा प्रश्न. बघायचं कशासाठी?

२०१२ मध्ये त्या संग्रहाने चक्क वर्गवारी केली. मनोरंजक फिल्मींना ‘मून’, त्यांतल्या निवडकांना ‘स्टार’, आणि वेगवान आहेत पण बघवत नाहीत अशांसाठी ‘व्हॉल्ट’, म्हणजे तळघर. असं स्पष्ट लिहून ठेवणारी कलाप्रकारांची दुनिया मला दुसरी ठाऊक नाही. आपल्याकडे नाट्यसंमेलनाने एकदा करून बघावं. आणि माझ्या पाहण्यात शर्यतीचे खेळ तळघराला फार जवळचे. उड्या मारायच्या खेळात दर पडद्यावर नवा खड्डा, नवा शत्रू. शर्यतीत तोच रस्ता तीनदा. चालवणारा परिपूर्ण असेल तर पहिली फेरी निर्दोष, दुसरीही निर्दोष, तिसरीला बघणारा जांभया देतो. पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगारांच्या, बाजारात कधीच न आलेल्या एका गेममध्ये ‘डेझर्ट बस’ नावाचा प्रकार होता. टूसानहून लास व्हेगासला बस न्यायची. वेग ताशी ४५ मैलांच्या वर जात नाही, बस सारखी उजवीकडे ओढते, खरेखुरे आठ तास लागतात आणि पोचल्यावर एक गुण मिळतो. तिथे परिपूर्ण ड्रायव्हर म्हणजे आठ तास काहीच न घडवणारा ड्रायव्हर. एसटीत तो हवाच, पडद्यावर त्याचं काय करणार? यातलं बरंचसं मी तिलाही ऐकवलं.

आत्या : तुला यात गंमत कुठे दिसते ते दाखव. व्याख्यान नको.

मी : थांब, रेनबो रोड लावतो. याच खेळातला सगळ्यांत लांब ट्रॅक. आकाशात तरंगणारा इंद्रधनुषी रस्ता, दोन्ही कडांना चांदण्यांचं कुंपण. इथे सुरुवातीलाच—

आत्या : नाही. आधी साधी दाखव. माणसाने चालवलेली, रस्त्याने गेलेली.

आणि ती आत जाऊन घड्याळ घेऊन आली. चावीचं, गोल, निकेलचा मुलामा कडेला उडालेला, बोटाएवढ्या जाडीची दोरी बांधलेलं. तिने त्याला चार-पाच पिळे दिले, कानाला लावलं, आणि खुर्ची सरकवून पडद्याच्या अगदी समोर न बसता थोडी बाजूला, रेषेच्या सरळ ओळीत बसावं तशी बसली. मी एका नामांकित खेळाडूची आडवाट न घेता केलेली धाव लावली. लाकिटू नावाचं एक पात्र ढगावर बसून दिव्यांचा खांब धरून येतं. शेवटचा दिवा लागला, भोंगा वाजला. तिने भोंग्याची वाट पाहिली नाही, दिव्यावर अंगठा दाबला. पिस्तुलाचा धूर बघायचा, बार ऐकायचा नाही, हे तिने पोरांना आणि पंचांना आयुष्यभर शिकवलं. आवाज उशिरा पोचतो.

सहा मिनिटांना थोडी कमी. एवढा वेळ ती एक शब्द बोलली नाही. मधेच एकदा तिने श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं.

आत्या : दुसऱ्या फेरीत त्याचा हात हलला, बघितलंस?

मी : कुठे?

आत्या : त्या मोठ्या वळणावर. गाडी किंचित बाहेर गेली आणि त्याने ओढून घेतली. तिथे त्याच्या पोटात गोळा आला असणार. मग पुढचं सरळ लागेपर्यंत तो जरा जपूनच चालवत होता. ही बघ शर्यत. आपल्या साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरच्या चढावर मी दर वर्षी उभी राहते ते पहिला कोण आला बघायला नाही. पहिला येतो त्याचा चेहरा कोराच असतो. बघायचं ते चढ बघून ज्यांचं तोंड उतरतं त्यांचं.

मी काही बोललो नाही, टास लावली. सुटल्यावर थोड्याच अंतरावर रस्ता एकदम खाली कोसळतो. तिथे गाडीने डावीकडे नाक वळवलं, वेग वाढवणाऱ्या मशरूमचा धक्का घेतला, टुणकन उडी मारली आणि चांदण्यांच्या कुंपणावरून थेट अंधारात गेली. रस्ता नाही, खाली काही नाही. गाडी पडतच राहिली. आणि मग खालून, भलत्याच ठिकाणचा रस्ता वर आला आणि गाडी त्यावर टेकली. मधला मोठा तुकडा गायब. आत्या हसली. मोठ्याने नाही, पण हसली.

मी : बघ!

आत्या : काय बघ? मी हसले ते कशाला, कळलं का तुला? सहा मिनिटं तो बापडा जो रस्ता तुडवत होता तो मला आता पाठ आहे. तो टाळला म्हणून हसू आलं. मघाशी तो पुलावरचा प्रकार दाखवलास तेव्हा आलं का? नाही. मला तो रस्ताच माहीत नव्हता.

माझं आजवरचं म्हणणं तिने माझ्या आधी मांडलं, ते जरा लागलंच. शर्यतीच्या टासमध्ये गंमत वेगाची नसते. वेग एकट्याने दिसत नाही, त्याला शेजारी काहीतरी लागतं. काय घडायला हवं होतं ते प्रेक्षकाच्या डोळ्यांत आधी असेल, तरच न घडलेलं दिसतं. म्हणून जाणते लोक अशी फिल्म माणसाच्या विक्रमाशेजारी लावून दाखवतात: डावीकडे घाम, उजवीकडे यंत्र. या खेळात तर सोय आतच आहे. वेळेविरुद्धच्या शर्यतीत तुमच्याच आधीच्या धावेचं अर्धपारदर्शक भूत तुमच्याबरोबर पळतं.

मी : म्हणजे आपलं एकमत झालं.

आत्या : कुठे झालं? एकदा हसले, झालं. दुसऱ्या फेरीलाही त्याने तेच केलं, तिसरीलाही. चुटका तीनदा सांगितला. त्या माणसाची सहा मिनिटं मी परत बघेन, हे नाही बघणार.

मी : हे मान्य. आणि खरं तर याहून वाईट असतं. काही ट्रॅकवर सगळ्यांत कमी वेळ कसा लागतो माहितीये? गाडी एका भिंतीपाशी घासत, उड्या मारत राहते आणि खेळ फेऱ्या मोजत राहतो. विक्रमी वेळ, आणि बघायला गाडी पार्किंगमध्ये अडकल्यासारखी. म्हणून मारिओ कार्टवाले आडवाटेची वेळ वेगळी आणि सरळ रस्त्याची वेगळी ठेवतात. करणाऱ्यांनाही कळतं की सगळ्यांत जलद ते सगळ्यांत मजेचं असेलच असं नाही.

आत्या : मग करतात कशाला?

मी : घड्याळ सांगतं म्हणून. घड्याळ आणि मजा यांचं भांडण लागलं तर बहुतेक जण घड्याळाचं ऐकतात. पण जिथे वेळ वाचवणं शक्यच नाही तिथे ते नखरे करतात. तू ऐकलंस त्या मारिओ तीनच्या फिल्ममध्ये काही ठिकाणी पडदा आपल्याच चालीने सरकतो, घाई करून उपयोग नाही. तिथे तो पोरगा खेळाला नाचवतो, वाटेल तशा जिवावरच्या उड्या मारतो. शर्यतीत असे मोकळे क्षण फार कमी. गाडीला सतत पुढे जायचं असतं. म्हणून शर्यतीची टास मजेशीर करणं अवघड, आणि म्हणून ती जमली की मला जास्त आवडते.

आत्या : खऱ्या मशीनवर चालतं का हे? का नुसतं सोंगातच?

मी : चालतं. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेत एका धर्मादाय कार्यक्रमात टासबॉट नावाचा रोबो मंचावर आणला. त्याने खऱ्याखुऱ्या निन्टेन्डोला बटणांची यादी पाजली. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ चालू होता. बघता बघता त्याच खेळाच्या पोटात पाँग आणि साप असे दोन वेगळेच खेळ सुरू झाले, नुसती बटणं दाबून लिहिलेले. लोक वेडे झाले.

आत्या : ती गारुड्याची टोपली झाली. शर्यत नव्हे.

तिला पटेल अशी एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती असं मला वाटलं, म्हणून ‘ट्रॅकमेनिया’ काढला. नादेओ या फ्रेंच कंपनीचा हा गाड्यांचा खेळ. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, आणि त्याच बटणांना गाडी दर वेळी तंतोतंत तशीच वागते. यातून लोकांनी एक अजब प्रकार काढला, ‘प्रेस फॉरवर्ड’. खेळाडूने पुढे जायचं बटण दाबून धरायचं, बस. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. रस्ता बांधणाऱ्याने तो असा बांधलेला असतो की गाडी उडते, कोलांट्या खाते, खांबावर आपटून नेमकी वळते, उलटी पडता पडता सुलटी होते आणि शेवटच्या कमानीतून पार होते.

आत्या : मग पळालं कोण?

मी : रस्ता.

आत्या : हे चांगलंय. (आणि तिने ते पुन्हा लावायला सांगितलं.) इथे निकाल आधी लावलाय हे लपवलेलं नाही. ड्रायव्हर आहे असं सोंगच नाही. पत्त्यांचा बंगला उलटा कोसळून उभा राहावा तसं.

पण मग मी त्याच खेळातली दुसरी गोष्ट सांगितली आणि तिचा चेहरा बदलला. २०२१ मध्ये उघडकीला आलं की काही अव्वल खेळाडूंनी खेळाचा वेग गुपचूप कमी करून, सावकाश चालवून विक्रम केले होते आणि ते सरळ खेळलेले म्हणून नोंदवले होते. या खेळात प्रत्येक धावेबरोबर बटणांची नोंद साठते. स्टिअरिंगच्या टिचक्या एका सेकंदात इतक्या पडत होत्या की माणसाच्या बोटांना ते झेपण्यातलं नव्हतं. आणि हे ज्याने शोधलं तो स्वतः ट्रॅकमेनियासाठी टासचं साधन बनवणारा होता.

आत्या : चोर पकडायला कुलूपवालाच लागतो. पण मग तुझ्या फिल्मवाल्यांत आणि या पोरांत फरक काय? हत्यार तर तेच.

मी : पाटी. एकाने लावली, दुसऱ्याने काढून टाकली.

आत्या : हं. ज्युनिअरमध्ये जन्मतारीख खोडून पळणारी पोरं असायची. पळायची छान. पण छान पळतायत हे बघायची सोय आमच्याकडे उरायची नाही.

लाइट गेले. लॅपटॉपला बॅटरी होती, तिला काळजी नव्हती, तिचं घड्याळ चावीचं. अंधारात मी तिला ‘ड्रॅगस्टर’ची गोष्ट सांगितली. खरं म्हणजे मनोरंजनाच्या बाजूने बोलताना ही सांगायला नको होती, कारण ही टास बघायला सहा सेकंदही लागत नाहीत आणि तिच्यात बघण्यासारखं काही नाही. ॲक्टिव्हिजन कंपनीच्या १९८० सालच्या पहिल्या चार खेळांपैकी हा एक, डेव्हिड क्रेनने लिहिलेला, अटारी २६०० साठी. पडद्यावर दोन लांबुळक्या गाड्या, सरळ रस्ता. करायचं एवढंच: ॲक्सिलरेटर सोडून-धरून इंजिन तापू द्यायचं पण फुटू द्यायचं नाही, आणि नेमक्या क्षणी गिअर टाकायचे. १९८२ पासून एका अमेरिकी खेळाडूच्या नावावर ५.५१ सेकंदांचा विक्रम होता. पस्तीस वर्षं तो कुणी मोडला नाही. गिनेसनेही त्याचं नाव छापलं.

आत्या : पुरावा?

मी : त्या काळी पडद्याचा फोटो काढून कंपनीला पाठवायचे, कंपनी मानायची. २०१७ मध्ये एका जाणकाराने खेळाचा सगळा कोड उलगडला आणि गणित मांडलं. या खेळातलं घड्याळ सलग चालत नाही, ते सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाच्या पायऱ्यांनी चढतं. ५.५१, ५.५४, ५.५७, ५.६१ असं. मधली वेळ येऊच शकत नाही. मग त्याने बटणं दाबायच्या सगळ्या शक्यता तपासल्या. सगळ्यांत कमी निघाली ५.५७. परिपूर्ण यंत्र खेळलं तरी ५.५७. म्हणजे तो विक्रम शक्य असलेल्या सगळ्यांत कमी वेळेच्याही दोन पायऱ्या खाली होता. २०१८ च्या जानेवारीत विक्रम ठेवणाऱ्या संस्थेने तो रद्द केला, त्या खेळाडूचे बाकीचे विक्रमही. गिनेसनेही काढून टाकला.

बराच वेळ ती बोलली नाही. अंधारात शेंग फुटल्याचा आवाज आला.

आत्या : आणि ५.५७? माणसाला जमलंय?

मी : जमलंय. एकापेक्षा जास्त जणांना.

आत्या : ही खरी टास. बाकी सगळा तमाशा.

मी : पण यात बघण्यासारखं काहीच नाही, आत्या! दोन रेघा पुढे सरकतात. ही नक्की तळघरात टाकायची फिल्म.

आत्या : तुला उड्या लागतात. मला मजा आली ती आत्ता. एक जण पस्तीस वर्षं छातीला बिल्ला लावून हिंडतो आणि एक यंत्र शांतपणे सांगतं, बाबा, तिथे जागाच नाही. आयुष्यभर पोरांच्या आईबापांना मी हेच सांगत आले. “बाई, आमचा मुलगा घराजवळ अकरा सेकंदात पळतो.” घराजवळ पळतो! माझ्याकडे असं यंत्र असतं तर मी तिकीट लावून दाखवलं असतं.

इथे आमचं जमणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. तिला टास हवी ती साक्षीदार म्हणून, मला हवी ती नट म्हणून. ड्रॅगस्टरमध्ये यंत्र आणि माणूस एकाच वेळेवर येऊन थांबतात, आणि माझ्या मते म्हणूनच ती फिल्म मेलेली आहे. पुढे काही शिल्लकच नाही. तिच्या मते म्हणूनच ती जिवंत आहे. मी स्वतः एकदा एका जुन्या शर्यतीच्या खेळाच्या एकाच फेरीवर चार महिने घालवले होते, साठाव्या भागाच्या चौदा तुकड्यांसाठी. ते तिला सांगितलं तर ती म्हणाली, “चौदा भागिले साठ. एवढा तर माझा अंगठा चुकतो.” बरोबर आहे. हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशावर न्यायची, हा नियम त्यासाठीच केलेला.

लाइट आल्यावर मी शेवटची एक फिल्म लावली, दुसऱ्याच एका जुन्या शर्यतीची, माझी आवडती. शेवटच्या सरळ रस्त्यावर गाडी इतक्या वेगात असते की करणाऱ्याने बटणं सोडून दिलीत आणि ती आपोआप घरंगळत रेषा ओलांडते. मला तो क्षण फार देखणा वाटतो. जणू कोणी सतार ठेवून दिली आणि तार वाजत राहिली. आत्याने घड्याळ लावलं. मशीन चालू झाल्यापासून लावलं, कारण या फिल्मींची वेळ तिथून मोजतात हे मी तिला सांगितलं होतं. रेषेवर तिने अंगठा दाबला. मग चष्मा वर करून पडद्याखाली छापलेली वेळ वाचली आणि घड्याळाकडे बघितलं.

आत्या : चार सेकंद कमी लिहिलेत.

मी : कमी नाही. यांच्यात शेवटचं बटण दाबलं तिथे वेळ थांबते. त्याने लवकर हात सोडला, म्हणून—

आत्या : गाडी रेषेवर पोचायच्या आधी घड्याळ बंद केलं?

मी : तो त्यांचा नियम आहे. उलट यातच कसब आहे. कधी कधी लवकर हात सोडता यावा म्हणून मुद्दाम थोडं हळू जातात, गाडी उशिरा पोचली तरी चालते.

आत्या : रेषेला छाती लागल्याशिवाय घड्याळ थांबत नाही. पोरगं रेषेआधी दमून पडलं आणि घरंगळत आलं तरी छाती लागेपर्यंत अंगठा वर. तुझी फिल्म चार सेकंदांनी हळू आहे. लिहून कळव त्यांना.

मी अजून कळवलेलं नाही.